निकेल-तांब्याची नळी आणि फ्लेअरिंगचा संच : अडीच टनी लष्करी ट्रकच्या डिझेल लाइनवर घेतलेली परीक्षा

जुन्या लष्करी ट्रकची डिझेल लाइन बहुधा नेमकी अशाच जागी सडते, जिथे पाना फिरत नाही आणि नजरही नीट पोचत नाही. अशा जागेची दुरुस्ती करताना माझी एकच अट असते : हात न पोचणाऱ्या भागात एकही सांधा राहता कामा नये. नळी या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड असावी आणि तिचे दोन्ही नट पाना लागेल अशा उघड्या जागी यावेत. तांबे आणि निकेल यांच्या मिश्रधातूच्या नळीची २५ फुटांची गुंडाळी, गाडीवरच फ्लेअर पाडण्याचे (म्हणजे नट लावल्यावर सांधा घट्ट बसावा म्हणून नळीचे तोंड कर्ण्यासारखे पसरवण्याचे) स्क्रूचे हत्यार, छोटा कटर आणि नटांची एक पुडी असा जो संच हल्ली वेगवेगळ्या नावांनी विकला जातो, त्याचे परीक्षण मी याच अटीवर केले आहे. नळी या कसोटीला पूर्ण उतरली, हत्यार बऱ्याच अंशी उतरले आणि नटांनी मात्र निराशा केली.

ज्या ट्रकवर हे काम झाले तो अमेरिकी सैन्याचा एम३५ए२, म्हणजे सहाही चाकांना जोर देणारा अडीच टनी ट्रक आहे. या घराण्यातल्या पहिल्या गाड्या १९५० च्या दशकाच्या आरंभी सैन्यात आल्या आणि ए२ या आवृत्तीत ४७८ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ७.८ लिटरचे, सहा सिलिंडरचे मल्टिफ्युएल इंजिन बसवले गेले. हे इंजिन डिझेलखेरीज जेट इंधनावर आणि अडीअडचणीला पेट्रोलच्या मिश्रणावरही चालावे अशी त्याची रचना आहे. टाकी ५० अमेरिकी गॅलनची, म्हणजे साधारण १८९ लिटरची असून ती केबिनच्या मागे चेसिसला बाहेरून टांगलेली असते. टाकीच्या पोटातच २४ व्होल्टवर चालणारा पंप असतो आणि तिथून निघालेली नळी केबिनच्या खालून पुढे इंजिनाच्या फिल्टरांकडे जाते. वर केबिनची जमीन, एका अंगाला चेसिसची पट्टी आणि दुसऱ्या अंगाला गिअरबॉक्स अशा बोळातून ती जात असल्याने मधल्या टप्प्यावर फार तर दोन बोटे टेकतात.

हा बिघाड ओळखणेही सोपे नसते. टाकीतला पंप चालू असेल तर सडलेल्या जागेतून डिझेल झिरपते, चेसिसवर ओल दिसते आणि दोष आपोआप उघडा पडतो. परंतु वयस्कर एम३५ए२ गाड्यांमध्ये टाकीतला पंप बंद पडूनही गाडी चालत राहते, कारण इंजेक्शन पंपाला जोडलेला पुरवठा पंप स्वतःच्या बळावर डिझेल ओढून घेतो. मग नळीत दाबाऐवजी ओढ असते, बाहेर थेंबही पडत नाही आणि सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून नळी हवा घेऊ लागते. गाडी सकाळी सुरू होते, थोड्या वेळाने बंद पडते, चढावर दम टाकते आणि फिल्टर बदलूनही काही फरक पडत नाही. या ट्रकवर नेमके हेच घडत होते. फिल्टरच्या तोंडाशी पारदर्शक नळीचा एक तुकडा तात्पुरता जोडल्यावर डिझेलबरोबर बुडबुड्यांची माळ येताना दिसली. त्यानंतर नळी टाकीकडून आणि इंजिनाकडून सोडवून, एक टोक बंद करून, दुसऱ्या टोकाने अर्ध्या बारपेक्षाही कमी दाबाची हवा भरली आणि साबणाचे पाणी फवारले, तेव्हा गिअरबॉक्सच्या वरच्या बाजूला असलेल्या क्लिपमागे फेस आला. हवा भरताना टाकी जोडलेली असता कामा नये, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे.

गंज क्लिपच्या मागेच का धरला, हे जुनी नळी बाहेर काढल्यावर स्पष्ट दिसले. क्लिपच्या आतले रबर कधीचेच झिजून गेले होते, तिथे चिखल साचून ओल टिकून राहत होती आणि गाडीच्या थरथरीने पत्रा नळीवर घासत होता. उघड्या भागातली नळी रंग खरवडल्यावर अगदी धडधाकट निघाली, तर क्लिपखालच्या अंगठ्याएवढ्या पट्ट्यात तिची जाडी कागदासारखी उरली होती. दोष एवढ्याशा जागेत असताना पूर्ण नळी कशाला बदलायची, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. पण ज्या पट्टीवर एक क्लिप अशी झाली आहे तिच्यावरच्या बाकीच्या क्लिपाही त्याच वयाच्या असतात, आणि त्याच बोळात पुन्हा शिरण्यापेक्षा एकदाच काय ते उरकणे शहाणपणाचे ठरते.

आता नळीविषयी. या मिश्रधातूत साधारण ९० टक्के तांबे, १० टक्के निकेल आणि थोडे लोह व मँगनीज असते. समुद्राच्या खाऱ्या पाण्यातही तो टिकतो म्हणून जहाजांच्या नळकामात त्याचा वापर होत आला आणि १९७० च्या दशकात व्होल्वोने तो मोटारींच्या ब्रेक लाइनसाठी स्वीकारला. गंजाला दाद न देणे हा त्याचा प्रसिद्ध गुण असला तरी आपल्या कामासाठी त्याचा मऊपणा अधिक मोलाचा आहे. ३/८ इंच, म्हणजे ९.५ मिलिमीटर बाहेरील व्यासाची पोलादी नळी बाकावर वाकवून तयार केली की ती त्याच आकारात राहते आणि तीन ठिकाणी वळणे घेतलेली अशी ताठ नळी केबिनखालच्या बोळात सरकवायची तर गिअरबॉक्स तरी उतरवावा लागतो किंवा केबिन तरी उचलावी लागते. हीच नळी निकेल-तांब्याची असेल तर ती जवळपास सरळ स्थितीत आत ढकलता येते आणि पुढे निघेल तसतशी हातानेच हलक्या वळणात बसवता येते. संपूर्ण मार्ग एका अखंड नळीने पुरा होतो, आणि माझ्या लेखी या संचाचे सगळ्यात मोठे श्रेय हेच आहे.

मऊपणाला मर्यादाही आहे. गुंडाळी उलगडून ती सपाट जमिनीवर ठेवावी आणि वरून लाकडी फळीने दाबत लोळवावी, म्हणजे ती बऱ्यापैकी सरळ होते. हवेत धरून ओढाताण केली तर तिला जागोजागी पोक येतात. मोठ्या वळणांसाठी हात पुरेसे आहेत, परंतु टाकीजवळच्या आणि फिल्टरजवळच्या आखूड वळणांना लिव्हरचा बेंडर किंवा किमान स्प्रिंग वापरली नाही तर नळी चपटी होते आणि चपटी झालेली जागा पुन्हा गोल करण्याच्या भानगडीत पडू नये. एकच जागा वारंवार वाकवून सरळ केली की हा धातूही कडक होत जातो. तांब्यापेक्षा तो हे अधिक सोसतो, एवढाच फरक. म्हणून प्रत्येक वळण आधी जाड तारेवर करून पाहावे, तार बोळातून फिरवून मार्ग निश्चित करावा आणि नळीला एकदाच वाकवावे. संचात बेंडर दिलेला नाही, ही उणीव म्हटली पाहिजे.

नळी आत घालण्याच्या क्रियेवर थोडे सविस्तर लिहितो, कारण संचासोबतच्या पत्रकात याविषयी एक अक्षरही नाही. एम३५ए२ च्या केबिनच्या जमिनीत गिअरबॉक्सवर स्क्रूने बसवलेले झाकण असते. ते काढले की खालच्या बोळात वरून पाहता येते आणि नळीला दिशा देण्यापुरती एका हाताची वाट मिळते. जुनी नळी लगेच ओढून काढू नये. तिच्या क्लिपा सोडवून तिला जागच्या जागी ठेवावे आणि नवी नळी तिला समांतर, तिच्याच आधाराने सरकवावी, म्हणजे क्रॉस मेंबरच्या (चेसिसच्या दोन्ही पट्ट्यांना जोडणाऱ्या आडव्या तुळईच्या) भोकांतून आणि वायरींच्या जुडग्याच्या कोणत्या अंगाने जायचे हे वेगळे शोधावे लागत नाही. नव्या नळीचे पुढचे टोक चिकटपट्टीने घट्ट बंद केले पाहिजे, नाहीतर चेसिसवरची पोपडी धरलेली माती आणि गंज थेट आत शिरतो आणि मग तो फिल्टरात सापडतो. ढकलणारा एक आणि टोक झेलणारा एक अशी दोन माणसे असली तर काम सुरळीत होते. एकट्याने करताना नळी मध्येच अडकली तरी ते लक्षात येत नाही आणि मागून जोर दिल्याने ती अदृश्य जागी मुडपते.

सुरुवात करण्यापूर्वीची खबरदारी थोडक्यात सांगतो. मल्टिफ्युएल इंजिनाच्या टाकीत आधीच्या मालकाने काय ओतले असेल याचा भरवसा नसल्याने त्यात पेट्रोल आहे असेच समजून वागावे. बॅटरीची ऋण बाजू सोडवावी, चाकांना ठोकळे लावावेत, आसपास ग्राइंडर किंवा वेल्डिंग चालू नसावे. टाकीच्या माथ्यावरून निघालेली नळी पुढे खाली उतरत असेल तर पुढचे टोक उघडताच सायफन सुरू होऊन डिझेल वाहतच राहते, म्हणून आधी टाकीकडचे टोक सोडवावे.

फ्लेअर पाडण्याचे हत्यार हा संचातला दुसरा महत्त्वाचा भाग. एका टोकाचा फ्लेअर बाकावर, निवांतपणे पाडता येतो. दुसरा मात्र नळी मार्गातून निघाल्यावर, लांबी नेमकी ठरवून, गाडीवरच पाडावा लागतो, कारण दोन्ही टोकांना नट आणि फ्लेअर असलेली नळी क्रॉस मेंबरच्या भोकातून जात नाही. या हत्याराची पकड आखूड आहे आणि त्याच्या स्क्रूच्या डोक्याला आडव्या दांड्याऐवजी षटकोनी माथा दिलेला आहे. ही गोष्ट लहान दिसली तरी फार उपयोगाची आहे. आडवा दांडा पूर्ण फिरायला मोकळी जागा लागते आणि ती चेसिसच्या पट्टीजवळ मिळत नाही. षटकोनी माथ्यावर रॅचेट पाना चढवून थोडे थोडे पुढे मागे करत फ्लेअर पुरा करता येतो. फ्लेअर पूर्ण गोल, कडेला भेग नसलेला आणि आतून गुळगुळीत आला. कटर मात्र नळीभोवती पूर्ण फिरवावा लागत असल्याने त्याला बाजूने जागा हवी, आणि ती फिल्टरच्या बाजूला जेमतेमच मिळाली. कापल्यावर आतल्या बाजूला जी धार उभी राहते ती रीमरने काढणे अत्यावश्यक आहे, आणि ते करताना नळीचे तोंड खाली धरावे म्हणजे कीस आत पडत नाही.

हत्याराविषयी एक तक्रार गंभीर आहे. नळी घसरू नये म्हणून पकडीच्या जबड्यांना आतून बारीक दाते दिलेले आहेत. पोलादी नळीवर त्यांचा ठसा उमटत नाही, पण निकेल-तांब्यावर गोल चरे पडतात, आणि थरथरणाऱ्या गाडीत नळीला तडा जाण्याची सुरुवात अशाच चऱ्यापासून होते. संच याच नळीसाठी विकला जात असताना जबडे दातेरी असण्याचे समर्थन करता येत नाही. फ्लेअरच्या अगदी मागचे चरे नटाच्या किंवा स्लीव्हच्या (नटाच्या आत नळीवर बसणाऱ्या बाहीच्या) आधाराखाली येतात, त्यामुळे तेवढी चिंता नाही. त्याच्या मागे उमटलेला ठसा मात्र बारीक पॉलिश पेपरने पुसून काढावा लागला. पकड नळी धरण्यापुरतीच आवळावी, पान्याला नळकांडे घालून आवळू नये.

नटांकडे वळतो. पुडीतले सर्व नट ४५ अंशांच्या फ्लेअरचे होते आणि हत्याराचा शंकूही त्याच कोनाचा होता, तरीही वेष्टनावर कोन कुठेही स्पष्ट लिहिलेला नव्हता. लष्करी ट्रकवर नेमक्या याच ठिकाणी घोटाळा होतो. ३७ अंशांचे फ्लेअर आणि ४५ अंशांचे फ्लेअर नुसत्या नजरेने सारखेच वाटतात, पण एकाचा फ्लेअर दुसऱ्याच्या शंकूवर बसवला तर धातू फक्त एका बारीक कडेवर टेकतो, नट कितीही आवळला तरी सांधा हवा घेतच राहतो आणि आवळून आवळून शेवटी फ्लेअरच फाटतो. ओळखण्याचा सोपा मार्ग आट्यांत आहे. ३/८ इंच नळीसाठी ३७ अंशांच्या नटाचे आटे ९/१६ इंच, १८ आट्यांचे असतात आणि ४५ अंशांच्या नटाचे ५/८ इंच, १८ आट्यांचे असतात. आट्यांची संख्या एकच असली तरी व्यास वेगळा असल्याने व्हर्नियर कॅलिपर लावताच उत्तर मिळते. शिवाय इतक्या वर्षांत हातोहात फिरलेल्या गाडीवर एका टोकाला एक आणि दुसऱ्या टोकाला दुसरे फिटिंग असू शकते, म्हणून दोन्ही टोके मोजल्याशिवाय काहीही विकत घेऊ नये. या ट्रकच्या एका टोकासाठी पुडीतला नट चालला, दुसऱ्यासाठी स्वतंत्र नट, स्लीव्ह आणि ३७ अंशांचा शंकू मिळवावा लागला. विक्रेत्याने वेष्टनावर कोन आणि आट्यांचे माप ठळकपणे छापावे, ही मागणी मी त्यांना कळवली आहे.

पर्यायांचाही विचार करून पाहिला होता. सडलेला भाग कापून तिथे रबरी होजचा तुकडा आणि दोन क्लॅम्प लावणे हा सर्रास केला जाणारा उपाय आहे. उघड्या जागी, इंधनासाठीच बनवलेली होज वापरून तो काही काळ चालतोही, पण गिअरबॉक्सवर दडलेले क्लॅम्प पुन्हा आवळता येत नाहीत आणि रबर कडक झाले की ओढीच्या बाजूला ते नळीवर सैल पडून हवा घेऊ लागते, म्हणजे पुन्हा तेच दुखणे. ब्रेकच्या हवेसाठी वापरली जाणारी नायलॉनची नळी सहज सरकते आणि म्हणून मोह होतो; ती इंधनासाठी बनवलेली नाही, एवढे कारण ती न वापरायला पुरेसे आहे. स्टेनलेसची नळी टिकाऊपणात सर्वांत वरचढ, पण ती ताठ असते आणि साध्या हत्याराने तिचा फ्लेअर नीट येत नाही. शुद्ध तांब्याची नळी सगळ्यात मऊ असली तरी थरथरीने कडक होऊन तडकते, म्हणून गाडीच्या इंधनासाठी तिचा विचारही करू नये. एपॉक्सीची लुगदी गाडी घरापर्यंत आणण्यापुरती ठीक.

निकेल-तांब्याच्या नळीबद्दल एक इशारा विक्रेते देत नाहीत, तो येथे द्यायला हवा. तांबे आणि तांबेयुक्त धातू डिझेल खराब होण्याची क्रिया वेगवान करतात आणि बायोडिझेलच्या बाबतीत हा परिणाम अधिक तीव्र असतो. बायोडिझेलसाठी तांबे, पितळ, जस्त, शिसे यांपासून दूर राहण्याचाच सल्ला दिला जातो. नियमित चालणाऱ्या गाडीत डिझेल या नळीत फार वेळ थांबत नाही, त्यामुळे साध्या डिझेलवर मला यात अडचण वाटत नाही. परंतु जुने लष्करी ट्रक पुष्कळदा महिनोन्‌महिने एका जागी उभे असतात. ज्यांची गाडी अशी उभी राहते आणि ज्यांच्या डिझेलमध्ये बायोडिझेलचे प्रमाण मोठे आहे, त्यांनी ही नळी न घेता जास्त खटाटोप सोसून पोलादाची किंवा स्टेनलेसची नळी घालावी. केबिनचे झाकण, पुढचा क्रॉस मेंबर आणि वेळ पडल्यास गिअरबॉक्सही सोडवण्याची तयारी ठेवावी लागेल, पण त्यांच्यासाठी तोच रास्त मार्ग आहे.

बसवणीतल्या दोन गोष्टींवर या नळीचे आयुष्य अवलंबून आहे. चेसिसला घट्ट धरलेली नळी थेट इंजिनावरच्या फिटिंगला जोडू नये. इंजिन आपल्या माउंटिंगवर हलत असते आणि चेसिस वेगळी पिळवटत असते, त्यामुळे दोहोंच्या मध्ये लवचीक होज असलीच पाहिजे. आधीच्या कोणी ती काढून कडक नळी लावलेली आढळली तर होज परत बसवावी. दुसरी गोष्ट क्लिपांची. ओल्या जागी तांबेयुक्त नळी पोलादाला टेकून राहिली तर पोलाद अधिक वेगाने गंजते आणि नळीही घासली जाते, म्हणून प्रत्येक क्लिप रबराचे अस्तर असलेलीच असावी आणि क्रॉस मेंबरच्या भोकांत रबरी ग्रोमेट बसवावेत. मऊ नळीला पोलादीपेक्षा जास्त ठिकाणी आधार लागतो. जिथे हात पोचत नाही तिथे क्लिप लावता येत नसेल तर त्या टप्प्याच्या दोन्ही बाजूंना, जितक्या आत जाता येईल तितक्या आत क्लिपा घ्याव्यात आणि मधली नळी कशालाही टेकत नाही ना, हे छोट्या आरशाने पाहावे.

काम पुरे झाल्यावर साबणाच्या पाण्याची चाचणी पुन्हा घेतली, नळी दोन्हीकडे जोडली आणि टाकीतला पंप चालू करून फिल्टरातून हवा काढली. या निमित्ताने टाकीतला पंपही दुरुस्त करून घेतला होता आणि प्रत्येकाने तो करून घ्यावा असे मला वाटते, कारण नळीत ओढीऐवजी दाब असेल तर पुढे एखादा सांधा ढिला झाला तरी तो डिझेल टाकून आपली जागा दाखवून देतो. फिल्टरजवळची पारदर्शक नळी काही अंतर गाडी चालवेपर्यंत तशीच ठेवली. तिच्यात एकही बुडबुडा आला नाही, आणि मग ती काढून योग्य होज लावली. त्यानंतर ट्रकने ओझ्यासह लांबचे चढ चढले आहेत, रात्रभर उभा राहून सकाळी पहिल्या फेऱ्यात सुरू होतो आहे आणि केबिनखालच्या बोळात आरसा घालून पाहिल्यावर नळी कोरडी दिसते.

खरेदीचा विचार करणाऱ्यांना माझे सांगणे असे, की नळीची गुंडाळी निःशंक घ्यावी, मात्र वर लिहिलेली बायोडिझेलची अट पाहूनच. संपूर्ण संच घ्यायचा की नाही, हे आपल्या गाडीवरील फिटिंगे मोजल्यावर ठरवावे. दोन्ही टोके ४५ अंशांची असतील आणि जवळ कोणतेही फ्लेअरिंगचे हत्यार नसेल तर संच परवडतो. एक जरी टोक ३७ अंशांचे असेल तर नळी सुटी घेऊन, गुळगुळीत जबड्यांचे आणि दोन्ही शंकू असलेले हत्यार वेगळे घ्यावे. गाडीच्या मार्गाची लांबी तारेने मोजून तीत वळणांसाठी आणि एखादा फ्लेअर पुन्हा पाडावा लागला तर त्यासाठी हातभर जादा धरावी. २५ फुटांत या ट्रकची मुख्य लाइन सहज निघते आणि उरलेल्या तुकड्यातून टाकीकडे परत जाणाऱ्या नळीचा सडू लागलेला भागही बदलता येतो.